येथेच, देह सुटण्यापूर्वी

गीतेच्या पाचव्या अध्यायातील तेविसाव्या श्लोकात भगवंतांनी सुखी मनुष्याचे लक्षण सांगितले आहे. काम आणि क्रोध यांपासून उठणारा वेग जो येथेच, देह सुटण्यापूर्वी, सोसू शकतो तो योगी व तोच सुखी, असा त्याचा भाव. वाचकहो, क्रोध मुळीच उठू नये अशी अट येथे नाही. उठला तर त्याचा वेग सोसावा, एवढेच मागणे आहे. आपणां प्रापंचिकांना हा केवढा दिलासा! परंतु हा श्लोक मला पोथीत उमगला नाही, मोटारीत उमगला.

प्रस्तुत लेखक तिरुवैयारूहून तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या पाहण्यासाठी रोज बसने जातो. अंतर सुमारे १३ किलोमीटर. पण वाटेत कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार व वडवार या नद्या ओलांडाव्या लागतात. कापणीच्या दिवसांत पेंढ्याच्या गाड्या, शाळेची मुले, दुचाक्या सारे पुलाच्या तोंडाशीच जमते. सरफोजी महाराज १८२० मध्ये काशीयात्रेस निघाले, त्या प्रवासास सुमारे दोन वर्षे लागली. त्यांच्या ग्रंथालयात जाणारा मी मात्र अर्ध्या तासाने व्याकूळ होतो!

एके सकाळी गाडी अशीच अडकली. पिशवीत याच श्लोकावरील शांकरभाष्याचा माझा मराठी अनुवाद होता. तो एका वृद्ध पंडितांना दाखवावयाचा होता, आणि ते दुपारी परगावी जाणार होते. क्रोधाच्या वेगाची चिन्हे आचार्यांनी दिली आहेत: अंग कापणे, घाम फुटणे, ओठ दाताखाली येणे, डोळे लाल होणे. आदल्या रात्री त्यांना नेमके मराठी शब्द शोधीत मी बराच वेळ जागलो होतो. सकाळी ती चारही चिन्हे माझ्याच देहावर उमटली, आणि त्यांचा अर्थ मात्र मला लागला नाही. मी वाहकावर ओरडलो. दुसऱ्याच्या वेळेची तुम्हांला किंमत नाही, असे सर्वांदेखत बोललो. माझ्या मुलाच्या वयाचा तो तरुण खाली पाहून एवढेच म्हणाला, "अय्या, पुढे प्रेतयात्रा आहे."

मग ढोल ऐकू आला. गाडी हळूहळू सरकू लागली तेव्हा चाकांखाली झेंडूची फुले होती.

'देह सुटण्यापूर्वी' या शब्दांवर आचार्य म्हणतात की जिवंत माणसाला या वेगाची निमित्ते अनंत आहेत, म्हणून मरेपर्यंत त्याचा विश्वास धरू नये. हे मी आदल्या रात्रीच लिहिले होते! ज्याचा तो अवधी संपला होता तो माझ्या पुढे चालला होता, आणि ज्याचा उरला होता तो मी, मागे बसून ओठ चावीत होतो.

तिसऱ्या अध्यायाच्या भाष्यात आचार्यांनी आणखी एक मर्म सांगितले आहे: क्रोध हा काही निराळा शत्रू नव्हे, अडविला गेलेला कामच क्रोध होतो. वेळेवर पोहोचावे ही इच्छा वाईट थोडीच आहे? पण ती पुलापाशी अडते, आणि तिचा वेग जिभेवर येतो. तेथे वाट मिळाली नाही तर तो घरी जातो. आपण उंबरठा ओलांडतो, पाण्याचा तांब्या पुढे येण्यास क्षणभर उशीर होतो, आणि पुलावरचा राग गृहिणीवर निघतो. त्या बिचारीने कोणता रस्ता अडविला होता? म्हणून घाम फुटताच ओळखावे, आणि तेवढा वेळ जीभ नामाला द्यावी. शरीर कापेना का. शब्द बाहेर पडला नाही, तर तेवढा वेग सोसला गेला.

मी पोहोचलो तोवर पंडित निघून गेले होते. त्यांनी तपासावयाची ती पाने अजून तशीच आहेत.

दुसऱ्या दिवशी तोच वाहक होता. मी त्याची क्षमा मागितली. त्याने तिकीट दिले, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले, आणि खिडकीजवळची रिकामी जागा दाखविली.