रजा, खाडा आणि सुटी

शास्त्रपाठ : अनुवाद ५:१२-१५

काम थांबविण्यासंबंधी आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत. त्यांपैकी तीन आज आपल्यापुढे ठेवितो. ते वरवर सारखे दिसतात, परंतु सारखे नाहीत.

रजा म्हणजे परवानगी. हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ राजीखुशी असा आहे. रजा मागावी लागते. देणे न देणे धन्याच्या हाती. खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस. तो वहीत मांडला जातो व मजुरीतून कापला जातो. सुटी हा शब्द मात्र सुटणे यापासून झाला आहे. सायंकाळी शेतकरी म्हणतो, ‘औत सुटले’. तेव्हा बैलाच्या मानेवरचे जू खरोखरच उतरलेले असते.

मोशे व अहरोन यांनी फारोपाशी लोकांसाठी तीन दिवसांची रजा मागितली. फारोने ती नाकारून लोकांस आळशी ठरविले; पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या तीच ठेविली (निर्गम ५). तेव्हा परमेश्वराने त्यांस रजा नव्हे, तर सुटका दिली. पुढे त्याने शब्बाथ नेमिला. या इब्री शब्दाच्या मुळाशी ‘थांबणे’ हाच अर्थ आहे. आणि ती आज्ञा केवळ घरधन्यास नाही. दास, दासी, बैल, गाढव व दारचा उपरी यांचीही नावे तीत आहेत. कारण काय? तूही मिसरात दास होतास, हे विसरू नको.

आपल्याच प्रांतातील गोष्ट पाहा. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तरी दुसऱ्याच्या मानेवरचे जू उतरावे म्हणून ते झटले. मग ज्यांच्या हाती ही आज्ञा आहे, त्या आपण काय करावे?

भावा, तू उपासनेहून येऊन ओट्यावर विसावतोस. परंतु तुझ्या कारभारणीचे जू कोण उतरवितो? शनिवारीच सरपण फोडून ठेव. रविवारची घागर तू उचल. तुझ्या शेतावर सालगडी असेल, तर त्याचा विसाव्याचा दिवस खाडा म्हणून मांडू नको. आणि उपदेशक बंधूंनो, ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो एखाद्या रविवारी उपासनेस दिसला नाही, तर त्याच्या नावापुढे खाडा लिहून थांबू नका. सायंकाळी त्याच्या घरी जा, त्याच्यासह प्रार्थना करा, आणि घरात पीठ आहे की नाही तेही पाहा.

कष्टी व भाराक्रांत जनांस आपल्याकडे बोलाविणारा प्रभू कोणाची हजेरी घेत नाही. तो विसावा देतो. आपणही एकमेकांस तो देऊ या. आमेन.