समुद्रावरील वहिवाट

दुसऱ्याच्या जमिनीवरून एखादा मनुष्य 20 वर्षे उघडपणे, आपला हक्क समजून, बिनतक्रार जात-येत असेल, तर त्या वाटेवर त्याचा हक्क उत्पन्न होतो, असे 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने मानले आहे. मग तीच वाट पाण्यावरून गेलेली असली तर? वरळीच्या कोळीवाड्याने हा प्रश्न मुंबईपुढे टाकला. त्याचा पुरता विचार झाला असे आम्हांस वाटत नाही.

सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सेतूस जोडणारा पूल नेमका कोळ्यांच्या होड्यांच्या वाटेवर येत होता. आराखड्यात खांबांमधील अंतर 60 मीटर होते. हिशेबी मनुष्य म्हणेल, होडी ती केवढी, तिला एवढी जागा का पुरू नये? परंतु होडी म्हणजे मोटार नव्हे. वारा, लाटा आणि ओढ ही तिघे मिळून तिला ढकलीत असतात, आणि वरळीस खडकही जवळच आहेत. कोळ्यांनी 160 मीटर मागितले, भर समुद्रात होड्या नेऊन काम अडविले. अखेर डिसेंबर 2022 मध्ये एक खांब गाळून 120 मीटर अंतर ठेवण्याचे सरकारने कबूल केले. म्हणजे जे होण्याजोगे नाही म्हणून सांगितले जात होते, ते होण्याजोगे होते!

लाखोंच्या सोयीपुढे मूठभरांचा हट्ट किती चालू द्यावा, असा आक्षेप येईल. तो क्षुल्लक नव्हे. त्या रस्त्याने आम्हीही जातो. भरपाई देऊन मोकळे व्हावे, असेही कोणी सुचवील. ज्याची मिळकत बुडते त्यास पैसे मिळालेच पाहिजेत. परंतु कोणत्या खडकाच्या आडोशास कोणत्या महिन्यात काय लागते, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेले असते. त्या पाण्यावाचून ते निरुपयोगी आहे. जे दुसरीकडे नेता येत नाही, त्याचा बाजारभाव कोण ठरविणार?

मुंबईस जिचे नाव, ती मुंबादेवी मूळची कोळ्यांची. तिचे देऊळही पूर्वी आजच्या बोरीबंदराच्या बाजूस होते. कोटाच्या सोयीसाठी ते हलले. देवीस नवी जागा मिळाली, कारण जमिनीचा तुकडा जमिनीच्या तुकड्याने भरून काढता येतो. आमच्या नकाशांवर जमिनीचा प्रत्येक गुंठा रेखलेला असतो. पाणी मात्र नुसते निळे.