तुमचं काय जातं?

फुटबॉलचा क्लब विकला जातो तेव्हा विकणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि त्या क्लबच्या चाहत्यांचं म्हणणं सगळे ऐकून घेतात. समोरच्या क्लबच्या चाहत्यांनी तोंड उघडलं की मात्र एकच प्रश्न येतो: तुमचं काय जातं? पैसा त्यांच्याकडे आला, तुमच्याकडे आला नाही, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. परका, अवाढव्य पैसा क्लबमध्ये शिरतो तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत गंभीरपणे ऐकायला हवी ती प्रतिस्पर्ध्याची तक्रार. कारण तिथे मोकळेपणाने बोलू शकणारा तोच एक उरलेला असतो.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यूकॅसल युनायटेड विकला गेला. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ८० टक्के वाटा घेतला. सगळा व्यवहार ३० कोटी ५० लाख पौंडांचा. आधीच्या मालकाला चौदा वर्षं कंटाळलेले चाहते सेंट जेम्स पार्कबाहेर नाचले. सौदी पत्रकार जमाल खशोगीच्या हत्येला तेव्हा नुकतीच तीन वर्षं झाली होती. क्लबवर सौदी राज्यसत्तेचं नियंत्रण राहणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचं प्रीमियर लीगने सांगितलं आणि विषय मिटल्यासारखा झाला. तो पुन्हा वर काढला क्रिस्टल पॅलेसच्या प्रेक्षकांनी. २३ ऑक्टोबरला न्यूकॅसलचा संघ त्यांच्या मैदानावर आला, तेव्हा त्यांनी भलामोठा फलक झळकावला. त्यावर मालकाच्या पात्रतेची परीक्षा आणि तिच्यासमोर एकेक गुन्हा लिहिलेला होता. पोलिसांकडे तक्रार गेली, चौकशी झाली, गुन्हा काही आढळला नाही. त्या फलकावरचं अरबी पोशाखातल्या तलवारधाऱ्याचं चित्र मला पटलं नाही. एका राजवटीवर बोट ठेवताना त्यात एका अख्ख्या समाजाची टवाळी झाली. पण लिहिलेला मजकूर खरा होता, आणि तो न्यूकॅसलच्या स्टँडमधून येणं जवळजवळ अशक्य होतं.

ते अशक्य का, हे आमच्या शिवाजी नगरात मला रोज दिसतं. हे शिवाजी नगर पुण्याचं नव्हे, भोपाळचं. सरकारी क्वार्टर, त्यांच्यावर सावली धरलेली जुनी झाडं आणि संध्याकाळी सहा नंबरच्या स्टॉपवर जमणारी पोरं. शेजारच्या वहिनींचा मुलगा मँचेस्टर सिटीचा निळा शर्ट घालून हिंडतो. २००८ मध्ये अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनी तो क्लब घेतला तेव्हा हा पोरगा पाळण्यातही नसेल. मी अबू धाबीचा विषय काढला की तो म्हणतो, “काका, पैसा नसता तर डी ब्रॉयने आला असता का? जलने दो जलनेवालों को.” भोपाळची मराठी अशीच दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी असते. मुलगा हुशार आहे. वर्तमानपत्र वाचतो, सरकारवर टीका करतो, कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध निवेदनावर सह्या गोळा करतो. पण क्लबच्या मालकाबद्दल बोलायची वेळ आली की त्याचा वकील होतो. त्याला कोणी विकत घेतलेलं नाही. तो प्रेमात आहे, आणि क्लब बदलता येत नाही हा या प्रेमाचा पहिला नियम आहे. दुकानदार वाईट निघाला तर आपण पलीकडच्या दुकानात जातो. न्यूकॅसलचा माणूस सन्डरलँडचा चाहता होऊ शकत नाही. मालकाने पैसे देऊन खरोखर घेतलं ते हे: सोडून न जाणारी माणसं. अशांनीच मालकाला जाब विचारावा, ही अपेक्षा क्रूर आहे.

आम्हां भोपाळकरांना हे लवकर कळतं, कारण खेळातल्या पैशाबद्दल बाहेरून बोलण्याचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली वायुगळतीची रात्र इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीत अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा ५०.९ टक्के वाटा होता, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. कारखाना आमचा कधीच नव्हता, ही डाऊची भूमिका कायम राहिली. ही कंपनी २०१० मध्ये ऑलिंपिकची जागतिक प्रायोजक झाली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या मुख्य स्टेडियमभोवती गुंडाळायच्या आवरणाचा खर्च तिने उचलला. भोपाळमध्ये निदर्शनं झाली, पुतळे जाळले गेले. डिसेंबर २०११ मध्ये आवरणावर डाऊचं नाव न घालण्याचं ठरलं. जानेवारी २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या शाश्वततेवर देखरेख करणाऱ्या आयोगातून मेरेडिथ अलेक्झांडर यांनी याच कारणावरून राजीनामा दिला. २६ जुलैला, लंडनच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, बंद कारखान्याजवळच्या मैदानावर अपंग मुलांचे खेळ भरवले गेले. ती मुलं गॅसग्रस्त आणि दूषित पाणी प्यायलेल्या घरांतली होती. धड चालता न येणारी पोरं मोठ्यांचा हात धरून शर्यतीच्या रेषेपर्यंत गेली.

फुटबॉलच्या तक्रारींना त्या रात्रीच्या पंगतीत बसवायचा माझा हेतू नाही. मुद्दा बोलण्याच्या अधिकाराचा आहे. लंडनच्या स्टेडियममध्ये भोपाळचा एक खिळाही नव्हता. तरी त्या आवरणाबद्दल बोलायचा पहिला हक्क भोपाळचाच होता. लंडनकरांना स्वतःची स्पर्धा थाटात पार पडायला हवी होती. ती घाई आम्हांला नव्हती. डाऊ प्रायोजक म्हणून राहिली, हेही खरं. पण नाव उतरलं ते बाहेरच्यांनी आवाज केल्यामुळे.

हक्काच्या कागदाचा प्रश्न आमच्या वस्तीतही येऊन गेला. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी शिवाजी नगर आणि तुळशी नगर पाडून उभारायची, असं ठरलं. झाडांसाठी लोक रस्त्यावर आले आणि प्रकल्प टी. टी. नगरकडे सरकला. जून २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी एकोणतीस हजार झाडांचा विषय निघाला, तेव्हा पुन्हा बायका झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. यातल्या बहुतेकांच्या नावावर इथे एक वीटही नाही, कारण क्वार्टर सरकारचं. कित्येक जण तर दुसऱ्या वस्त्यांतून आले होते.

प्रतिस्पर्ध्याचा संबंध याहून जवळचा आहे. सामना एकट्याने खेळता येत नाही. न्यूकॅसलची जी किंमत सौदी निधीने मोजली, तिच्यात समोर उभ्या राहणाऱ्या एकोणीस क्लबांचा वाटा होता. ते नसते तर सेंट जेम्स पार्क म्हणजे नुसतं गवत. म्हणून एका क्लबचा मालक बदलला की साऱ्या लीगचा तोल बदलतो. त्या व्यवहारानंतर अकरा दिवसांत बाकीच्या बहुतेक क्लबांनी मालकाशी संबंधित कंपन्यांचं प्रायोजकत्व तात्पुरतं रोखणारा ठराव केला. यात स्वार्थ होताच. साक्षीदाराचं आरोपीशी वैर असलं तर न्यायालय त्याची साक्ष बारकाईने तपासतं, पण तेवढ्याच कारणाने फेकून देत नाही. हेच चाहते उद्या असाच मालक मिळाला तर नाचतील, हा आक्षेप मला मान्य आहे. तेव्हा बोलायची पाळी आज नाचणाऱ्यांची असेल.

आपल्या मराठी मुलखाकडे या गोष्टीची दोन्ही टोकं आहेत. एका टोकाला परदेशी श्रीमंत गुंतवणूकदार आपणच आहोत. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने, म्हणजे बी. व्ही. राव यांच्या कुटुंबाने, ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला आणि डोक्यावरचं कर्जही पत्करलं. जेमतेम महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढलं. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला. घसरण पक्की झाली त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली, कारण मालकांचा धंदा कुक्कुटपालनाचा. त्यानंतर नेमलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर गेला, वर्षभरात परत वर आला. या सगळ्या काळात राव कुटुंबाने तोटा भरण्यासाठी प्रचंड पैसा ओतला. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण ईडीच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा लँकेशरच्या गिरणीगावातला एक शतकाहून जुना क्लब दिल्लीतल्या तारखांवर डोळे लावून बसला. पुढच्या मोसमात कोण खेळाडू येणार, हे ज्या कागदांवर ठरत होतं ते ब्लॅकबर्नमधल्या कुणाच्याही आवाक्यात नव्हते.

याच ब्लॅकबर्नने १९९५ मध्ये लीग जिंकली ती जॅक वॉकर यांच्या पोलादाच्या पैशावर, आणि विजेतेपद विकत घेतलं अशी तेव्हाही बोंब झाली होती. वॉकर राहायला जर्सी बेटावर असले तरी मूळचे गावचेच होते. आपल्या क्लबचं काय चाललंय हे त्यांना गावातला कुणीही ऐकवू शकत होता. अर्थात गावचा मालक म्हणजे गंगेत न्हालेला, असं मुळीच नाही. १३४ वर्षांचा बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला तो अस्सल इंग्रज मालकाच्या कारभारात. शेवटच्या दिवसांत सामना होईल या आशेने मैदान झाडायला शेकडो लोक आले, त्यांत दुसऱ्या क्लबांचे चाहतेही होते.

दुसऱ्या टोकाला मुंबई आणि गोवा. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी अबू धाबीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के वाटा घेतला. पुढच्या मोसमासाठी एफसी गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जियो लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्यामागोमाग फॉल, जाहू, बूमूस हे खेळाडू. मंदार राव देसाईही गेला, म्हणजे घरचा पोरगा. आदल्याच मोसमात साखळीत पहिला आलेल्या गोव्याचा कणाच उचलून नेला. उपान्त्य फेरीत नेमके हेच दोन संघ भिडले. दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली, पेनल्टीही लांबल्या, आणि साथीमुळे रिकाम्या असलेल्या बांबोळीच्या मैदानावर मुंबई जिंकली. मार्च २०२१ मध्ये मुंबईने शील्डपाठोपाठ करंडकही नेला. गोव्याचे चाहते चिडले तेव्हा त्यांनाही पोटदुखीच सांगण्यात आली. गोव्याचे जुने क्लबही खाणमालकांच्या पैशावर उभे होते, आणि त्या खाणींनी शेतांचं, नद्यांचं काय केलं हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण धेंपो किंवा साळगावकर यांचा दरवाजा पणजीत, वास्कोत होता. तिथे जाऊन उभं राहता येत होतं.

२०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, मोसम लटकला, आणि डिसेंबरात सिटी ग्रुप आपला वाटा सोडून निघून गेला. त्याच्या डझनभर क्लबांच्या हिशेबात मुंबई ही एक ओळ होती, ती खोडली. गोव्यातून विचारला गेलेला प्रश्न, म्हणजे हा पैसा इथे कशासाठी आलाय आणि किती दिवस राहणार, तो २०१९ मध्येच मुंबईच्या कामाचा होता. मुंबईकर चाहत्याने तो तेव्हा विचारला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पुण्याच्या चाहत्यांकडे पाहावं: त्यांचा संघ त्याच वर्षी बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. रविवारी बालेवाडीला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही.

जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे बहुमत राहावं असा नियम आहे, तरी तिथेही डिसेंबर २०२३ मध्ये लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. मग जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे चाहते एकाच दिवशी वेगवेगळ्या मैदानांवर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकू लागले. सामने थांबले, चेंडू वेचावे लागले, पुन्हा फेकले गेले. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने व्यवहार गुंडाळला. ‘तुमचं काय जातं’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारूच शकत नव्हतं, कारण सगळेच बोलत होते.

इंग्लंडने जुलै २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. त्यात क्लबने आपल्या चाहत्यांशी सल्लामसलत करायची आहे. आपल्या, म्हणजे फक्त स्वतःच्या. आपल्याकडे लीगची घडी नव्याने बसतेय तोवर भारतीय फुटबॉल महासंघाने याच्या एक पाऊल पुढे जावं. कुठलाही क्लब विकायचा झाला की घेणाऱ्याचं नाव, त्याच्यामागच्या कंपन्यांची साखळी आणि पैशाचा उगम महिनाभर आधी जाहीर करावा. आणि लीगमधल्या प्रत्येक क्लबच्या चाहत्यांच्या हरकती लेखी घेऊन त्यांना लेखी उत्तर द्यावं. कोलकाता, गोवा, केरळ, सगळीकडून कडवट पत्रं येतील. त्यातली निम्मी निव्वळ चीड असेल. उरलेल्यांत ते प्रश्न असतील, जे विकल्या जाणाऱ्या क्लबचा चाहता त्या आठवड्यात विचारणार नाही.