खुलभर घाण

श्रावणी सोमवारी आमच्या घरी खुलभर दुधाची कहाणी वाचतात. राजाच्या हुकुमाने लोकांनी घरचे सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात नेऊन ओतले, तरी गाभारा भरेना. लेकरावासरांना पाजून आलेल्या म्हातारीने खुलभर दूध वाहिले, तेव्हा तो भरला. २०१९ साली पहिल्याच श्रावणी सोमवारी पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली आणि मला ही कहाणी उलटीकडूनही वाचता येते, हे कळले.

पाणी ओसरले, गाळ राहिला. त्या गाळात काय नव्हते? संडासाच्या टाक्यांतील मैला, मेलेली जनावरे, शेतांतली खते-औषधे, कारखान्यांची मळी. डॉक्टर बजावत होते, की उंदरांच्या मुतातले जंतू चिखलातून पायाच्या भेगेवाटे अंगात शिरतात आणि ताप येतो. बूट घालूनच गाळ काढा, पाणी उकळून प्या. मी पारावर बसून कारखानदारांना आणि कारभाऱ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. माझे काही चुकले नाही. त्या शिव्या त्यांच्याच होत्या.

चौथ्या दिवशी शेजारच्या आक्का एक रिकामी बाटली घेऊन आल्या. “गुर्जी, ही तुमचीच न्हवं? आमच्या आडाजवळ घावली.”

वाळवीचे औषध. अर्धी बाटली मी मागच्या पडवीत तशीच ठेवली होती. दरसाल नदी चढते, हे ठाऊक असून.

पहिला विचार मनात आला तो असा : एवढ्या महापुरात अर्ध्या बाटलीचे काय? पण गावातल्या प्रत्येक घराने हेच म्हटले असणार. घाण कोणाची ते पुरात ओळखू येत नाही, म्हणून आपण सगळेच निर्दोष ठरतो. मी मुलांना भागाकार शिकवतो. एकाला हजाराने भागले तरी उत्तर शून्य येत नाही, हे त्यांना कळते. दोषाची वाटणी करताना मात्र गुरुजी ते विसरतात. म्हातारीच्या खुलभर दुधाने गाभारा भरतो, यावर श्रद्धा ठेवायची आणि आपल्या खुलभर घाणीने नदी भरत नाही म्हणायचे, हे कसे जमावे?

“माझीच,” मी म्हणालो. आड दोनदा उपसून घेतला. आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे येणेजाणे तसेच आहे. पण त्या आडाचे पाणी अजून भांड्यांपुरतेच वापरतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे पाणी पूर्वी आम्हीही तिथूनच आणत होतो.