पुंडलिकाची सेवा आणि आजींची वही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दारी देव उभा राहिला तरी पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेतून उठला नाही, त्याने वीट पुढे केली आणि देवाला थांबवलं. गुरुवारच्या सत्संगात ही कथा निघाली तेव्हा आम्हा भगिनींच्या मनात आलं, पुंडलिकाची सगळी सेवा एकाच छपराखाली होती. आज म्हाताऱ्या माणसाची सेवा किती दारी विखुरली आहे! हृदयाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, पेन्शन बँकेत, मुलगा बंगळुरूला, डबा शेजारून. जो तो आपलं काम मनापासून करतो, पण याचं त्याला ठाऊक नसतं.

इथे इंदूरलाच रामबागेत एक आजी एकट्या राहतात. वय 78. उठलं की भोवळ यायची. मुलगा फोनवर म्हणे, वय झालं, चालायचंच. आपल्या दोघी सेवेकरी भगिनींनी कपाटातली, उशीखालची, अगदी देवघरातलीसुद्धा औषधं एका ताटात मांडली. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघाली! दोन डॉक्टरांनी लिहिलेली, एकाने दुसऱ्याचा कागद पाहिलेलाच नाही. सगळी पिशवी तशीच उचलून डॉक्टरांकडे नेली, त्यांनी एक बंद केली. (आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, हं.) आता आजी गच्चीवर पापड राखत बसतात.

तेव्हापासून आम्ही वही धरली. एका घराला एक वही, एक सेवेकरी. औषधं, कुठलं सोसत नाही ते, डॉक्टरांची पुढची तारीख, मुलांचे नंबर, किल्ली कोणाकडे, सगळं त्यात. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना वही सोबत.

सरकारी कामंही यातच येतात. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावरचं वय पाहतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत इलाज, पण तो दवाखान्यात भरती झाल्यावरचा. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात नाही, तेव्हा आजी-आजोबांना भलती आशा लावू नका. सरकारी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, 80 च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी पोस्टमन येऊनही तो करून देतो. घरात कुणी छळत असेल, टाकून दिलं असेल, तर 14567 हा फुकट नंबर आहे.

खरं सांगायचं तर आरतीचं ताट धरायला दहा हात पुढे येतात, बँकेच्या रांगेत काकांजवळ उभं राहायला दोन मिळत नाहीत. तिथे कुणी फोटो काढत नाही ना!

येत्या गुरुवारी आरतीनंतर कोऱ्या वह्या मिळतील. आपल्या गल्लीत कोण एकटं राहतं ते आधी पाहून, त्यांना विचारून या. ते आपल्या सत्संगाचे नसले तरी चालेल.

– आम्ही सेवेकरी भगिनी