अपूर्व आणि एक्सपोजर

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ सात खंडांत छापला. केवलानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे गुरू. यज्ञकुंडे कधीच विझली, मग यज्ञकर्माचा कीस काढणारे हे शास्त्र आता कुणाच्या कामाचे, असे वाटणे साहजिक आहे. पण मीमांसकांना ज्या कोड्याने शतकानुशतके छळले, ते कोडे त्याच कृष्णाकाठी, कराड आणि मिरजेतल्या सीटी स्कॅनच्या खोल्यांत, रोज नव्याने उभे राहते. कोडे असे: यज्ञ आज संपला, राख थंड झाली, यजमान घरी गेला, फळ मात्र मिळायचे ते मेल्यावर. जे कर्म उरलेच नाही ते इतक्या काळाने फळ देणार कसे? मीमांसकांचे उत्तर होते ‘अपूर्व’. कर्म संपताना एक अदृश्य शक्ती मागे ठेवते, आधी नव्हती अशी. ती मधल्या काळात टिकून राहते आणि वेळ आली की फळते. मराठीत हा शब्द आपण सत्कारसमारंभांना लावून लावून गुळगुळीत करून टाकला. मूळचा अर्थ फार नेमका आहे.

पोटाच्या एका सीटीत शरीराला साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, हवा, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. म्हणजे तीन-चार वर्षांचा हिशेब काही सेकंदांत उरकतो. रुग्ण उठतो, चपला घालतो, बाहेर चहा पितो. काही झालेले नसते. झाले असलेच तर ते एखाद्या पेशीच्या गुणसूत्रात असते आणि कदाचित वीस वर्षांनी कळते, कदाचित कधीच नाही. युरोपातल्या नऊ देशांत लहानपणी व तरुणपणी सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मात्रेने दहा हजार मुलांची तपासणी केली तर पुढच्या बारा वर्षांत त्यांतल्या एखाद-दोघांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होईल, असा त्याचा अंदाज आहे. तो एखादा कोण, हे कुणालाही सांगता येणार नाही. त्याच्या आईला नाही, डॉक्टरला नाही आणि बटण दाबणाऱ्या रेडिओग्राफरला तर नाहीच. यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा धोक्याचा केवढा बाऊ! महामार्गावर अपघात होऊन किंवा उसाच्या ट्रॉलीला धडकून डोक्याला मार लागलेल्या माणसाचा सीटी न करणे हाच मोठा अपराध आहे, हे मला मान्य आहे. माझा मुद्दा सीटी करू नये असा नाहीच. ज्या कर्माचे वाईट फळ कर्त्याला कधीच दिसत नाही, ते कर्म नीट करायला माणूस शिकतो कसा, एवढाच प्रश्न आहे.

कारण बहुतेक हुन्नर चुकांतून अंगी येतात. मिरजेचा सतारकार घोडीवर जवारी काढतो. कानस जरा जास्त फिरली की तार लगेच चुगली करते. जुना एक्स-रे काढणाराही तसाच शिकत असे. एक्सपोजर जास्त झाले की डार्करूममध्ये फिल्म काळीठिक्कर निघायची, साहेब ओरडायचे, दुसऱ्या दिवशी हात आवरायचा. सीटीने हे नाते उलटे करून टाकले. इथे मात्रा वाढवली की चित्र बिघडत नाही, उलट सुधारते; दाणेदारपणा जातो, यकृताची कड स्वच्छ दिसते आणि रिपोर्ट करणारा डॉक्टर खूश होतो. चूक शिक्षा घेऊन येत नाही, शाबासकी घेऊन येते. लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रुग्णालयात मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सीटीसाठी यंत्राची मांडणी चुकली आणि अठरा महिने २०६ रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या सुमारे आठपट मात्रा मिळत राहिली. २००९ मध्ये हे उघड झाले ते एका रुग्णाचे केस गळाले म्हणून. आठपट होते म्हणून केस तरी गळाले. दुप्पट असते तर? अशा खात्यात वीस वर्षे काम केलेला माणूस वीस वर्षांचा अनुभवी असतोच असे नाही. एकाच चुकीची वीस वर्षांची सवयही त्याच्या अंगी असू शकते. म्हणूनच पदवीनंतरचे, तज्ज्ञाच्या नजरेखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सीटीसाठी मला आवश्यक वाटते. चूक जिथे आपण होऊन परतत नाही, तिथे ती परत आणून दाखवणारे दुसरे कुणीतरी लागते.

इथे मीमांसा आणखी एका जागी उपयोगी पडते. श्रौत यज्ञात कर्म करतात ऋत्विज, दक्षिणा घेऊन. फळ जाते यजमानाला. कर्ता एक, भोक्ता दुसरा. सीटीच्या खोलीत तेच आहे. आपल्या नेहमीच्या कर्मसिद्धांताचा धाक, ‘करशील तसे भरशील’, इथे लागू होत नाही, कारण रेडिओग्राफर करतो आणि भरतो तो टेबलावरचा. कायद्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, सर्वसामान्य नागरिकाला १ ची. रुग्णाला मर्यादाच नाही. ती नसण्यामागे रास्त कारण आहे: ज्याला जेवढी गरज तेवढी मात्रा, तिथे आकडा आडवा येऊ नये. पण त्याचा अर्थ असा, की किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज काचेपलीकडे बसलेल्याच्या छातीवर असतो आणि यंत्राच्या गॅन्ट्रीत सरकणाऱ्याच्या अंगावर गाऊनशिवाय काही नसते. त्याचे रक्षण करतो तो फक्त दुसऱ्याचा विवेक. ऋत्विजाला मोकळे सोडायचे नाही, हे याज्ञिकांना कळले होते. सोळा ऋत्विजांत ‘ब्रह्मा’ नावाचा एकजण बहुतांशी गप्प बसून बाकीच्यांच्या चुका पाहायचा आणि प्रायश्चित्त करायचा. सीटीच्या प्रशिक्षणात ही जागा कुणाची, याचा शोध घ्यायला हवा.

अशा प्रशिक्षणावर ‘डॉक्टरने लिहिले, मी केले’ हा पहिला आक्षेप. चिठ्ठीवर असते ‘सीटी अॅब्डोमेन, प्लेन आणि कॉन्ट्रास्ट’, एवढेच. स्कॅन कुठून कुठपर्यंत, किती फेऱ्या, व्होल्टेज किती, दहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचाच प्रोटोकॉल लावायचा का, हे चिठ्ठी सांगत नाही. रात्री दीडला रेडिऑलॉजिस्ट खोलीत नसतो, कधी कधी तर गावातही नसतो. ‘मशीन आता स्वतःच मात्रा ठरवते’ हा दुसरा. ठरवते, पण कशावरून? सुरुवातीच्या स्काउट चित्रावरून. टेबल मध्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर राहिले आणि एक्स-रेची नळी वरच्या बाजूला असली, तर स्काउटमध्ये देह आहे त्याहून रुंद दिसतो. यंत्र फसते आणि सडपातळ माणसाला स्थूल समजून किरण ओतते. रुग्णाचे हात डोक्यावर न घेता कुशीला राहू दिले, तर हाडांतून पार जायला आणखी मात्रा. यंत्राला हे कळत नाही. माणसाला शिकवल्यावर कळते. तिसरा आक्षेप गीतेच्या नावाने येतो: फळाकडे पाहू नये, कर्म करत राहावे. हा उपदेश स्वतःच्या फळाबद्दल आहे. दुसऱ्याच्या पदरात पडणाऱ्या फळाकडे पाठ फिरवली तर त्याला निष्कामता म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात.

चौथा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. मीमांसेत कर्माचा अधिकार कुणाला, याची चर्चा मीमांसासूत्रकार जैमिनीच्या सहाव्या अध्यायात आहे. अधिकारी कोण? ज्याला इच्छा आहे, ज्याच्यात सामर्थ्य आहे, ज्याला ज्ञान आहे आणि शास्त्राने ज्याला वगळलेले नाही. त्या चौथ्या अटीने शूद्रांना बाहेर ठेवले. सर्वांना अधिकार आहे असे बादरी या आचार्याने म्हटले होते. जैमिनीने ते खोडले. सावित्रीबाई फुले यांच्या जिल्ह्यात बसून ‘अधिकार’ हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळायला हवी. सीटीला पदव्युत्तर शिक्षणाची सक्ती केली तर फी भरू न शकणारा माणचा किंवा जतचा डिप्लोमावाला मुलगा बाहेर पडेल, पदवीचे नवे सोवळे तयार होईल, ही भीती खोटी नाही. मी पहिल्या तीन अटी ठेवीन आणि चौथी कृष्णेत सोडीन. त्याची रीतही याच मातीत आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ ही तिचीच ओळख. नोकरीतल्या रेडिओग्राफरला पगार चालू ठेवून, त्याच्याच शिफ्टमध्ये शिकवता येते. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला ‘कृष्णा’ वैद्यकीय संस्था आहे, सांगलीला भारती विद्यापीठ, आता साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय झाले. शिकवायला जागा नाही अशी सबब या पट्ट्यात चालणार नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पदवीसाठी किमान ३,६०० तास घातले. तास मोजणे सोपे आहे. त्या तासांत विद्यार्थ्याने केलेले किती स्कॅन कुणी मागाहून उघडून पाहिले, हे मोजायला कुणी बसत नाही.

रात्री दीडला अथणीकडचा एक म्हातारा टेबलावर आहे असे समजा. भिंतीतला रेकॉर्डेड आवाज हिंदीत श्वास रोखायला सांगतो. त्याला कन्नडशिवाय काही येत नाही. तो श्वास घेतच राहतो, यकृत हलते, चित्र फाटते, फेरी पुन्हा होते. शिकाऊ रेडिओग्राफरने आधी दोन मिनिटे खर्चून, छातीवर हात ठेवून, खुणेने सराव करून घेतला असता तर दुसरी फेरी लागली नसती. पडद्याच्या कोपऱ्यात डीएलपीचा, म्हणजे एकूण मात्रेचा, आकडा उमटतो, नेहमीच्या दुप्पट. सकाळी वरिष्ठ येतात, चहाचा कप कन्सोलशेजारी ठेवतात आणि रात्रीची यादी उघडतात. त्या आकड्यावर बोट ठेवून ते विचारतात, ‘एवढा का रे झाला?’