हाडाचा वाटा

शांत बसा, डोळे मिटा. पावलं जमिनीला टेकू द्या. उजवा तळवा मांडीवर ठेवा आणि हलकेच दाबा. आधी कातडी लागेल, मग मऊ मांस, आणि खूप खोलवर काहीतरी टणक. ते मांडीचं हाड. तळवा थोडा वेळ तिथेच असू द्या.

हे हाड खांबासारखं उभं आहे, पण खांबासारखं निर्जीव नाही. काही पेशी त्याचा जुना भाग खातात, काही नवा रचतात. कुठे किती रचायचं, हे भार ठरवतो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. भार सरला, की हाड आपला संसार आवरायला घेतं. अंतराळवीरांची हाडं त्यामुळेच विरळ होतात.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता त्याच हाडाच्या पोकळीत धातूचा एक दांडा आहे असं समजा. खुब्याचा सांधा बदलताना असा दांडा बसवतात. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. तो कोण उचलणार, हाड की धातू? पालखीच्या भोयांमध्ये एकच जण उंच असला, तर भार त्याच्याच खांद्यावर येतो. बाकीचे नुसते सोबत चालतात. इथे जो अधिक ताठर, तो उंच. हाडाचा ताठरपणा १० ते ३० गिगापास्कल, पोलादाचा सुमारे २००. वर्षानुवर्षं नुसतं सोबत चाललेलं हाड झिजतं, आणि मग दांडाही सैल होतो.

इथे जरा थांबा. आधारानेच दुबळं केलं, ही गोष्ट मनात मुरू द्या.

टायटॅनियमशी हाडाचं जमतं. स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायात टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवली होती. काढायला गेले, तर ती हाडाला घट्ट धरून बसलेली. पण ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम घातलेल्या नेहमीच्या मिश्रधातूचा ताठरपणाही ११० च्या आसपास असतो.

शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की त्याच्या अणूंची मांडणी बदलते. त्यात पुरेसं नायोबियम मिसळलं, तर ती तापलेली मांडणी थंड झाल्यावरही टिकते, आणि धातू अधिक लवतो. जपानमध्ये मित्सुओ निइनोमी आणि सहकाऱ्यांनी नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम घालून केलेल्या मिश्रधातूचा ताठरपणा साठाच्या घरात आला.

पण नुसतं लवून भागत नाही. पावलापावलाला लवणारा दांडा लाखो पावलांनंतर तुटता कामा नये. बळ वाढवायला हा धातू पुन्हा तापवावा, तर ताठरपणाही परत वाढतो. म्हणून तो थंडच लाटून, ओढून बळकट करण्याची वाट शोधली जाते. लवचीकपणा ठेवून बळ मिळवायचं, सगळी खटपट याचसाठी.

पुन्हा तळव्याकडे या. खालच्या टणकपणाकडे लक्ष द्या. त्याला आधार हवा असेल, तर तो असा हवा, की हाडाचा वाटा हाडाकडेच राहील.

आता डोळे उघडा. सावकाश उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार येऊ द्या. हाडाला तो रोज लागतो.